गेट बदललंय, हे आधी कुणाला कळतं?

गेल्या अंकात विमानतळावरच्या प्रवाशांसाठी ॲप कसं असावं, यावर प्रश्न मागवले होते. आलेली निम्मी पत्रं ॲप बनवणाऱ्यांची आहेत, निम्मी ॲपने छळलेल्यांची. मी दोन्ही घरची पाहुणी. नऊ वर्षं टर्मिनलमधल्या चौकशी खिडकीमागे काढली आणि पुढची बारा अशा ॲपची रचना करण्यात. पण आजही विमानतळाचा विषय निघाला की माझ्यातली खिडकीवालीच आधी बोलते. तेव्हा उत्तरांत कुठे तिरकसपणा दिसला, तर तो तिचा समजावा.

प्रश्न : ताई, मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. विमानतळावरचा अनुभव सुधारणारं ॲप हा माझा प्रकल्प आहे. नकाशा, रांगेची वेळ, खाणं आधी मागवणं, दुकानांच्या सवलती, सहप्रवाशांशी गप्पा, मुलांसाठी खेळ, असं सगळं बसवलंय. ३४ स्क्रीन झाले. मार्गदर्शक म्हणतात, यात नवीन काय? आणखी काय घालू?

उत्तर : काही घालू नकोस. काढ.

माझ्या खिडकीवरचा एक प्रसंग सांगते. संध्याकाळची गर्दी होती. एक बाई धापा टाकत आल्या. हातातल्या कागदी पासवर गेट १४. फोनवर १४. डोक्यावरच्या फलकावर २२. आणि नेमकी त्याच क्षणी झालेली घोषणा म्हणाली १९. बाईंनी मला विचारलं, “तुमच्यातलं खरं कोण बोलतंय?” मी माझ्या पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे गेटचा रकाना रिकामा होता! शेवटी ज्या खोलीत गेट ठरतात तिथे फोन लावला. उत्तर आलं, २२. चार मिनिटं गेली होती. बाई पळाल्या. पोहोचल्या की नाही, ते मला आजतागायत माहीत नाही. खिडकीमागच्या माणसाला गोष्टीचा शेवट कधीच कळत नाही.

आता हे असं का झालं? गेट ठरवणारा माणूस एक. आधीचं विमान उशिरा हललं म्हणून तो पुढच्याची जागा बदलतो. ही नोंद विमानतळाच्या मध्यवर्ती नोंदप्रणालीत जाते, तिला एओडीबी म्हणतात. तिथून फलक चालवणाऱ्या फिड्समध्ये. विमान कंपनीची चेक-इन आणि बोर्डिंगची यंत्रणा वेगळी, डीसीएस, तिच्यापर्यंत बातमी वेगळ्या वाटेने पोहोचते. घोषणा करणारी व्यक्ती तिसऱ्याच कागदावरून वाचत असते. आणि तुझं ॲप? ते यांतल्या कुठल्या तरी एका ठिकाणाहून माहिती उचलणार, किंवा मधल्या एखाद्या व्यापाऱ्याकडून विकत घेणार. प्रत्येक टप्प्यावर दोन-चार मिनिटं गळतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बहुतेक ॲपवाले पोहऱ्यावर नक्षी काढत बसतात.

म्हणून पहिला स्क्रीन काढण्याआधी एक मोठा कागद घे. ॲपमध्ये दिसणाऱ्या प्रत्येक माहितीसमोर तीन गोष्टी लिही. ही कोण भरतं? कधी भरतं? चुकली तर दुरुस्त कोण करतं? ज्या ओळीसमोर तिसरा रकाना रिकामा राहील, तिथे तुझा प्रकल्प सुरू होतो. मार्गदर्शकांना हवं असलेलं ‘नवीन’ बहुधा तिथेच सापडेल.

मग स्क्रीनवर काय? नुसतं ‘गेट २२’ लिहू नकोस. ‘गेट २२. आधी १४ होतं. ६:४० ला बदललं’ असं लिही. प्रवाशाच्या डोक्यात १४ घट्ट बसलेलं असतं. ते तिथून उचलून बाजूला ठेवावं लागतं, नाहीतर त्याला वाटतं, ॲपच चुकलं. आणि गेट ठरलंच नसेल, तर ‘अजून ठरलेलं नाही, ७:१० च्या सुमारास कळेल’ हे पूर्ण उत्तर आहे. रिकामा रकाना हे उत्तर नव्हे. त्या एका रिकाम्या रकान्यापायी माणसं फलकाखाली अर्धा-अर्धा तास मान वर करून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. खुर्च्या शेजारीच असायच्या.

दुसरी खोड मध्यरात्रीची. विमान १५ तारखेला ००:१५ ला सुटतं. माणूस १५ तारखेच्या रात्री नऊला सामानासह हजर होतो. विमान जाऊन वीस तास उलटलेले. अशी माणसं खिडकीवर इतक्यांदा आली, की मी चेहऱ्यावरून ओळखायला लागले होते, कारण ती फार शांत आणि वेळेच्या आधी आलेली असत. यावर उपाय एका वाक्याचा आहे : ‘१४ तारखेच्या रात्री ९ पर्यंत पोहोचा.’ हे वाक्य तुझ्या ३४ स्क्रीनमध्ये कुठे आहे का, बघ.

अभ्यास कसा करू, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. प्रवाशांना ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारत हिंडू नकोस. ते ‘फास्ट वायफाय’ म्हणतील आणि निघून जातील. त्याऐवजी चालती माणसं जिथे एकदम थबकतात आणि मागून येणारी त्यांच्यावर आदळतात, ती जागा शोध. तिथे तासभर उभी राहा. त्यांच्या नजरेला तिथे काय सापडत नाहीये, तेवढंच टिप. आणि हाताने लिहून चिकटवलेले कागद शोध. ‘इथून रस्ता नाही’, ‘बटण जोरात दाबा’, ‘वायफायचा कोड विचारू नये’. असा प्रत्येक कागद म्हणजे रोज तोच प्रश्न ऐकून वैतागलेल्या एका कर्मचाऱ्याची सही असते. मी स्वतः असे अकरा कागद चिकटवले होते. साहेब येऊन काढायचे, ते गेले की मी पुन्हा लावायची.

खेळ, गप्पा आणि सवलती काढून टाक. रागावू नकोस.

प्रश्न : आमची छोटी कंपनी टर्मिनलच्या आतला नकाशा बनवते आहे. ‘तुम्ही इथे आहात’ दाखवणारा निळा ठिपका काही केल्या स्थिर राहत नाही. ग्राहक म्हणतो, ठिपक्याशिवाय नकाशा नको. तुमचा अनुभव?

उत्तर : उपग्रहाचे संदेश मुळातच क्षीण. काँक्रीट आणि लोखंडाच्या छपराखाली त्यांचा भरवसा धरता येत नाही, त्यामुळे ठिपका भिंती ओलांडून उड्या मारणारच. उपाय आहेत : ब्लूटूथचे बीकन (जागोजागी बसवायची, संदेश सोडणारी छोटी यंत्रं), वायफायवरून अंदाज, मजला ओळखायला फोनमधला हवेच्या दाबाचा सेन्सर. लंडनच्या गॅटविक विमानतळाने २०१७ मध्ये दोन टर्मिनलांत मिळून सुमारे २,००० बीकन बसवले. एवढा आकडा ऐकला की ग्राहकाला बॅटऱ्या कोण बदलणार, हे आधी विचारा. टर्मिनलमध्ये भिंतीही हलत असतात. आज पत्र्याचा आडोसा उभा राहतो, उद्या तपासणीची जागा सरकते, आणि नकाशा कालचाच राहतो.

माझं मत विचाराल, तर ठिपका हा तिसऱ्या वर्षीचा पदार्थ आहे. पहिल्या वर्षी फलकांशी मैत्री करा. ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर १९६७ मध्ये बेनो विसिंग या डिझायनरने फलकांना शिस्त लावली : विमानाकडे नेणारे फलक पिवळे, बाकी सोयींचे वेगळ्या रंगाचे. पॅरिसचं शार्ल द गोल १९७४ मध्ये सुरू झालं. तिथल्या फलकांसाठी अड्रियन फ्रुटिगर यांनी लांबून, तिरक्या कोनातून, चालता चालता वाचता येतील अशी अक्षरं घडवली. १९७६ मध्ये तीच त्यांच्या नावाचा टाइप, म्हणजे छपाईचा अक्षरसंच, म्हणून बाहेर आली. या माणसांनी आयुष्यं खर्च करून जे छताला टांगलंय, त्याकडे तुमचं ॲप प्रवाशाला बघूच देत नाही. मान खाली, ठिपका वर-खाली.

तेव्हा वाट सांगताना फलकाचेच शब्द वापरा. फलकावर ‘स्थानांतर’ असेल तर ॲपमध्ये ‘कनेक्टिंग’ नको. फलकावरचा रंग आणि बाण जसाच्या तसा दाखवा. ‘पिवळा ‘बी’ दिसेपर्यंत सरळ, मग सरकता जिना वर.’ एवढं पुरतं. चुकलाच माणूस, तर ‘तुम्हाला समोर कुठला फलक दिसतोय?’ असं ॲपने विचारावं. माझ्या खिडकीवर मीही फोनवरच्या हरवलेल्या माणसाला हेच विचारायची. ठिपक्यापेक्षा ते अचूक असायचं.

अंतर मीटरमध्ये नको, मिनिटांत द्या. पण कुणाची मिनिटं? ८०० मीटर सेकंदाला १.३ मीटर वेगाने चाललं तर साधारण दहा मिनिटं. गुडघे धरलेल्या किंवा कडेवर मूल घेतलेल्या माणसाचा वेग ०.८ धरला, तर सतरा. ही सात मिनिटं म्हणजे बंद झालेलं गेट. ‘मी सावकाश चालतो’ अशी एक खूण करायची सोय ठेवा. पहिल्याच दिवशी.

प्रश्न : वय ७१. एकटा प्रवास करतो. हल्ली सगळं फोनवर. बॅटरी संपली, पास उघडला नाही, गेट बदललं तर मी अडकणार, या धास्तीने आदल्या रात्री झोप लागत नाही. गुडघ्यांचं दुखणं आहे, पण व्हीलचेअर मागायला संकोच वाटतो, कारण मी चालू शकतो.

उत्तर : काका, धास्ती थोडी कमी होईल असं एक गुपित सांगते. तुमच्या पासवरच्या त्या ठिपक्याठिपक्यांच्या चौकोनात गेट नसतंच. सुटायची वेळही नसते. नाव, आरक्षणाचा क्रमांक, कुठून कुठे, विमानाचा क्रमांक, वर्षातला कितवा दिवस, आसन आणि चेक-इनचा अनुक्रम, असा मजकूर त्यात असतो. तारखेच्या जागी दिवसाचा आकडा, म्हणजे १ फेब्रुवारीला ०३२. त्यामुळे गेट बदललं म्हणून पास बाद होत नाही. छापलेला गेट क्रमांक हा फक्त छापण्याच्या क्षणीचा अंदाज. तो पेन्सिलीने लिहिलाय, असं समजा.

नावाला त्यात २० अक्षरांची जागा असते. लांब नावं शेवटी कापली जातात. आपलं नाव अर्धवट दिसलं म्हणून घाबरून खिडकीवर येणारे पुष्कळ असायचे. आणि त्याच चौकोनात आरक्षणाचा क्रमांक असल्यामुळे पासचा फोटो कुणालाही पाठवू नका, समाजमाध्यमांवर तर नाहीच.

छापील पास देत असतील तर घ्या आणि खिशात ठेवा. फोनवरच असेल तर घरूनच निघताना त्याचं चित्र साठवून ठेवा, आणि यंत्रासमोर धरताना पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा. ‘पास वाचला जात नाही’ या तक्रारीचं कारण निम्म्या वेळा मंद पडदा किंवा तडा गेलेली काच, एवढंच निघायचं.

आता व्हीलचेअर. संकोच नको, कारण ‘चालू शकतो पण लांब नाही’ असा एक प्रकार मुळातच आहे. विमान कंपन्यांच्या भाषेत तीन संकेत असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात, लांब अंतर जमत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत न्यावं लागतं. तुम्ही पहिल्यात बसता. आरक्षण करतानाच तसं सांगा. यात चूक ॲपवाल्यांची आहे. ते विचारतात, ‘व्हीलचेअर हवी? हो / नाही’. आणि स्वाभिमानी माणूस ‘नाही’ दाबतो. ‘एका दमात किती चालता येतं?’ असं विचारलं असतं, तर तुम्ही खरं उत्तर दिलं असतं.

वर गॅटविकच्या बीकनबद्दल लिहिलं. त्याच विमानतळावर आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, सूर्यफुलांची नक्षी असलेली हिरवी फीत सुरू झाली. ज्यांची अडचण वरून दिसत नाही त्यांनी ती गळ्यात घालायची. कर्मचारी ओळखतात आणि थोडा जास्त वेळ देतात. ना बॅटरी, ना अपडेट. ती फीत पुढे जगभरच्या विमानतळांवर गेली. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे कबूल करताना जरा पोटात दुखतं.

प्रश्न : सुरक्षा तपासणीच्या रांगेची वेळ ॲपमध्ये ‘१२ मिनिटं’ होती. मला ३१ लागली. हे आकडे मनाने टाकतात का?

उत्तर : मनाने नाही, पण तो आकडा तुमचा नव्हता. बऱ्याच ठिकाणी नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसांना किती वेळ लागला, ते मोजून दाखवतात. म्हणजे तुम्हाला दिसली त्यांची गोष्ट. तुमची अजून घडायची होती.

हिशेब सोपा आहे. रांगेतली माणसं म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये याची सिद्धता मांडली. समजा तुमच्यापुढे ९६ जण होते आणि तपासणीचे चार पट्टे मिळून मिनिटाला आठ जण सोडत होते. ९६ भागिले ८, बारा मिनिटं. बरोबर. तुम्ही उभे राहिलात आणि कर्मचाऱ्यांची पाळी बदलली म्हणून दोन पट्टे बंद झाले. आता मिनिटाला चार. चोवीस मिनिटं. त्यात कुणाच्या तरी बॅगेत पाण्याची भरलेली बाटली निघाली.

छतावरचे सेन्सर डोकी मोजू शकतात. पाळी कधी बदलते, हे मात्र सेन्सरला कळत नाही, ते कामाच्या तक्त्यात असतं, आणि तो तक्ता ॲपवाल्यांना कुणी देत नाही. पुन्हा आड आणि पोहरा. म्हणून मी असल्या स्क्रीनवर एकच आकडा लिहू देत नाही. ‘१० ते २५ मिनिटं, दोन मिनिटांपूर्वी मोजलं.’ ग्राहक म्हणतात, हे डळमळीत दिसतं. दिसू दे. डळमळीत आहेच.

या विषयात ह्यूस्टन विमानतळाची गोष्ट हमखास सांगतात. सामानासाठी फार थांबावं लागतं, अशी तक्रार होती. माणसं वाढवली, थांबणं आठ मिनिटांवर आलं, तरी तक्रारी थांबेनात. मग विमानं लांबच्या गेटवर लावली आणि बॅगा दूरच्या पट्ट्यावर पाठवल्या. प्रवाशांना सहापट चालावं लागलं आणि तक्रारी जवळजवळ संपल्या. सादरीकरणात हे सांगून लोक टाळ्या घेतात. मला ती गोष्ट आवडत नाही. वरच्या काकांचे गुडघे त्या सहापटीत कुणी मोजले?

प्रश्न : ॲप म्हणालं, ‘तुमची बॅग विमानात चढली’. पट्ट्यावर ती आलीच नाही. मग त्या संदेशाचा उपयोग काय?

उत्तर : उपयोग आहे, जपून ठेवा. विमान कंपन्यांची संघटना आयाटाच्या ठराव ७५३ प्रमाणे जून २०१८ पासून सदस्य कंपन्यांनी बॅगेचा माग चार ठिकाणी ठेवायचा असतो : तुमच्याकडून घेतली तेव्हा, विमानात चढवली तेव्हा, दुसऱ्या कंपनीकडे सोपवली तेव्हा, आणि तुम्हाला परत दिली तेव्हा. तुमची दुसरी नोंद झाली, म्हणजे शोध त्यापुढच्या टप्प्यापासून सुरू करता येतो. चिठ्ठीवरचा दहा आकडी क्रमांक ही त्या बॅगेची खरी ओळख. लाल रंग आणि चाकं अशी तर शंभर बॅगांना असतात.

सामानाच्या दालनातून बाहेर पडण्याआधी पीआयआर नावाचा तक्रारीचा कागद भरून घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू असेल, तर मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करायची. यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवसांत बॅग आलीच नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. हे सगळं ॲपने त्या क्षणी, त्या पट्ट्याशी सांगायला हवं. ते सांगतं, ‘तुमचा प्रवास कसा झाला? तारे द्या.’

माझी स्वतःची बॅग एकदा भलत्याच देशात जाऊन आली. कारण मीच. मुठीला मागच्या प्रवासाची चिठ्ठी तशीच लटकत होती. ती काढा. बाजूला चिकटलेले छोटे बारकोडही काढा.

प्रश्न : विमानतळाच्या ॲपमध्ये चॅटबॉट हवा का?

उत्तर : त्याला गेट २२ माहीत असेल तर हवा.

प्रश्न : मी प्रवास करत नाही, आणायला जाते. फोनवर ‘उतरलं’ दिसतं आणि माणूस तासभर बाहेर येत नाही. आम्हा थांबणाऱ्यांसाठी कुणी काही करत नाही का?

उत्तर : फार थोडे करतात, कारण तुम्ही तिकीट काढत नाही. ‘उतरलं’ म्हणजे चाकं धावपट्टीला टेकली, एवढंच. त्यानंतर विमान जागेवर येऊन थांबतं आणि चाकांना ठोकळे लागतात, ती वेळ वेगळी नोंदवली जाते, तिला ऑन-ब्लॉक म्हणतात. दोन्हींत पाच मिनिटांचंही अंतर असतं आणि जागा रिकामी नसली तर पंचवीसचंही. मग दार, चालणं, पारपत्राची रांग, बॅग. पहिली बॅग पट्ट्यावर कधी पडली, याचीही नोंद बऱ्याच विमानतळांवर ठेवतात. ती हिशेबासाठी आतच राहते. काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या तुमच्यापर्यंत ती आणायला एक ओळ पुरेल. दोन ठिकाणी मी ती ओळ आराखड्यात घातली होती, दोन्हीकडे शेवटच्या आठवड्यात कापली गेली. तिसऱ्यांदा घालते आहे.

तोवर एक करा. ‘उतरलं’ दिसलं की उठू नका. आगमनाच्या फलकावर त्या विमानापुढे पट्ट्याचा क्रमांक लागला, की मग उठा. मी तेव्हाच उठते.